हळूबाईची सहा महिन्यांची खोली

८ जानेवारी

प्रिय छोटे,

हे पत्र तू न वाचता बाजूला ठेवशील, मला माहीत आहे. ठेव, पण फाडू नकोस, कारण यात तुझ्या सामानाची यादी आहे.

तुझी खोली मी दिली आहे. कायमची नाही, सहा महिन्यांसाठी. जपानहून एक मुलगी येते आहे, सतरा वर्षांची, तुझ्या भाचीच्या शाळेत शिकायला. त्यांच्या शाळेचा आणि हिच्या शाळेचा काहीतरी करार आहे. राहायला घर हवं म्हणून बाईंनी वर्गात विचारलं, आणि तुझ्या भाचीने घरात कुणालाही न विचारता हात वर केला. कुणावर गेली आहे ते तूच ठरव.

बाबांनी आधी ठाम नाही म्हटलं. "परक्याची पोर. उद्या तिला काही झालं तर मी कुणाला काय तोंड दाखवू?" दोन दिवस घुम्यासारखे बसले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारायला लागले, तिला उशी एक लागते की दोन. तुझे भावोजी दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात, पण घरच्या कपाटाचं दार आपोआप उघडतं ते त्यांना सहा वर्षं दिसलं नव्हतं. पाहुणी येणार म्हटल्यावर पंधरा मिनिटांत ठीक केलं.

यादी: दोन स्वेटर (निळ्याला कसर लागली होती, मी रफू केलं), नकाशांच्या गुंडाळ्या सात, रंगीत शायांचा डबा (सुकला आहे), पितळी कंपास, वह्या तीन. सगळं ट्रंकेत घालून माझ्या शिवणाच्या खोलीत ठेवलं आहे. वह्या मी उघडल्या नाहीत. म्हणजे एक उघडली. दोन पानं वाचली, मग माझंच नाव दिसलं म्हणून मिटली.

आपल्यात जे झालं त्याबद्दल या पत्रात काही नाही. खोलीचं दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, एवढंच. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र.

तुझी,
ताई


३ फेब्रुवारी

प्रिय छोटे,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला आहे.

ती आली. इवलीशी आहे. आपली भाषा पुस्तकातून शिकून आली आहे, त्यामुळे सगळ्यांना अहो-जाहो करते. मला काकू, बाबांना आजोबा, इथवर ठीक. पण परवा शेजारचं मांजर खुर्चीत बसलं होतं, तर त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "आपण जरा उठता का?" तुझी भाची हसून हसून जमिनीवर लोळली. मांजर मात्र उठलं. आमचं कुणाचं कधी ऐकलं आहे त्याने?

चालताना पावलं वाजत नाहीत, दार लावते ते कळत नाही, पेला ठेवते त्याचा आवाज नाही. दोनदा मी तिच्या अंगावर दिवा मालवून खोलीबाहेर आले, ती आत आहे हे कळलंच नाही. बाबांनी तिचं नाव ‘हळूबाई’ ठेवलं. तिने अर्थ विचारला, वहीत लिहून घेतला आणि आता फोनवरसुद्धा "मी हळूबाई बोलते" म्हणते. हसली की मात्र तिच्या नाकातून शिट्टी वाजते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुकर लावून विसरले.

बाबांचा असा समज आहे की परदेशी माणसाला कमी ऐकू येतं. पंधरा दिवस ते तिच्याशी ओरडून बोलत होते. शेवटी ती माझ्यापाशी आली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काकू, आजोबा माझ्यावर रोज का रागावतात?" मी बाबांना फैलावर घेतलं. आता ते तिच्याशी कुजबुजतात. तिला खरंच ऐकू येत नाही.

आणि जपानी मुलगी म्हणजे गणितात हुशार असणारच, या भरवशावर तुझी भाची निर्धास्त होती. दोघी एकाच बाकावर बसल्या आणि दोघी नापास झाल्या.

ताई


१२ मार्च

प्रिय छोटे,

घरात पहिलं भांडण झालं, आणि तेही कात्रीवरून. तुला नवल वाटणार नाही. माझ्या कात्रीने तू पतंगाचा कागद कापला होतास तेव्हा मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

हळूबाईला तिच्या आजीने वाढवलं. आईबाप दोघं दूरच्या शहरात कामाला, आणि आजीचं गल्लीत केस कापायचं दुकान. सत्याहत्तराव्या वर्षीही उभ्याने केस कापते. निघताना तिने नातीला स्वतःची एक कात्री दिली, आणि तुझ्या भाचीने परवा त्या कात्रीने वहीचा पुठ्ठा कापला! हळूबाईने कात्री पुसली, तेल लावलं, कापडात गुंडाळली आणि पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहिली. मी जाऊन तिच्याजवळ बसले. माझी कापडाची कात्री तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "ही सव्वीस वर्षं कुणाला दिली नाही." तिने उठून दोन्ही हातांनी घेतली, पातं उजेडात धरून बघितलं, आणि म्हणाली, "मधोमध थोडी बोथट आहे, काकू." खरंच होती. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

आता मुख्य बातमी. बाबांनी तिच्याकडून केस कापून घेतले.

आई गेल्यापासून त्यांनी घरात कुणाला डोक्याला हात लावू दिला नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानात जातात आणि घरी येऊन तासभर त्याला नावं ठेवतात. रविवारी ती त्यांच्या मागे उभी राहून बराच वेळ मानेकडे बघत होती. बाबांनी विचारलं, "काय आहे गं?" ती म्हणाली, "आजोबा, ज्याने हे केलं त्याला शिक्षा झाली का?" बाबा असे हसले की त्यांना ठसका लागला. मग स्वतःच गॅलरीत खुर्ची नेऊन ठेवली, गळ्याभोवती चादर बांधून घेतली आणि डोळे मिटून बसले. तिने चाळीस मिनिटं घेतली. आरशात बघून बाबा नुसता मानेवरून हात फिरवत राहिले, आणि मी घाईघाईने आत निघून गेले.

संध्याकाळी तिने आजीला व्हिडिओवर बाबांचं डोकं दाखवलं. आजी तिच्या भाषेत बोलतेय, बाबा आपल्या भाषेत, दोघंही ओरडून. म्हातारीने डाव्या कानामागची एक बट शोधून काढली आणि नातीला झापलं. बाबा खूश. "बाई कडक आहे," म्हणाले. आता दर रविवारी दोघांची भेट असते. एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नाही आणि अर्धा-अर्धा तास गप्पा चालतात.

तू हे बघायला हवं होतंस.

ताई


३ मे

छोटे,

हे पत्र कसं लिहू ते कळत नाही, म्हणून जसं घडलं तसं सांगते.

तीन दिवसांपूर्वी दुपारी हळूबाईच्या आईचा फोन आला. मुली शाळेत होत्या. तिचंही इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं. तरी एवढं कळलं: आजी दुकानातच कोसळली. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात आहे, कधी शुद्धीवर असते, कधी नसते. डॉक्टर म्हणतात दोन आठवडे, फार तर. मुलीची शेवटची परीक्षा पंधरा तारखेला आहे, तोवर तिला काही कळू देऊ नका. आजीचीही तीच इच्छा आहे. "प्लीज," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

मी हो म्हटलं. काय म्हणणार? त्यांची मुलगी, त्यांची आजी.

पहिल्या दिवशी हळूबाईने विचारलं, "काकू, आजी फोन का घेत नाही?" मी म्हटलं, "कामात असेल." दुसऱ्या दिवशी तिच्या आईने तिला सांगितलं की आजीचा फोन बिघडला आहे, आणि मी म्हटलं, "अगं, म्हाताऱ्या माणसांचे फोन असेच." काल रविवार. बाबा खुर्ची मांडून बसले. आजी नाही. मी म्हटलं, "गावाला गेली असेल कुणाकडे."

मला माझीच भीती वाटली, छोटे. किती सहज आलं ते तोंडात! विचार करावा लागला नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप मी तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं.

तुला वाटत असेल ताईला यात नवीन काय. ती तर यातली तरबेज. आई दवाखान्यात होती ते अकरा दिवस तू रोज फोन करायचीस, आणि मी सांगायचे, आई झोपली आहे, आई शेजारी गेली आहे, आई बाजारात गेली आहे. तू आलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच उभी राहून, चपला न काढता तू मला विचारलंस, "ताई, अकरा दिवस आई कुठल्या बाजारात होती?" सहा वर्षांत एक दिवस असा गेला नाही की मला ते आठवलं नाही.

आईनेच नको म्हटलं होतं, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. छोटीचं शेवटचं वर्ष आहे, तिला उगीच हलवू नका, असं.

आता तू सांग, मी काय करू? पत्र पोचेपर्यंत उशीर झालेला असेल. तरी विचारते आहे, कारण विचारावं असं दुसरं कुणी नाही.

ताई


५ मे

छोटे,

परवाच्या पत्रात मी तुला पुन्हा खोटं लिहिलं.

आईने नको म्हटलं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले, मास्क बाजूला केला आणि म्हणाली, "छोटीला बोलाव." अगदी स्पष्ट. मी म्हटलं, "हो, बोलावते." आणि बोलावलं नाही. सहाव्या दिवशी तिने विचारलं, "निघाली का?" मी म्हटलं, "गाडीत आहे."

तुझ्या परीक्षेचं मी सगळ्यांना सांगितलं, बाबांनाही. खरं कारण असं की तुला बोलावलं असतं तर आई जाणार हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. मला वाटत होतं ती बरी होईल, मग आपण तिघी हसू, बघ, छोटीला कळलंही नाही. आणखी एक आहे. ते लिहिताना हात थांबतो आहे. आई नेहमी तुझी होती. त्या अकरा दिवसांत ती माझी एकटीची होती. मला ती कुणाला द्यायची नव्हती.

काल हे मी आधी बाबांना सांगितलं. झालं असं की जेवताना हळूबाईचा विषय निघाला. मुली शाळेत होत्या. तुझे भावोजी म्हणाले, "त्यांच्या घरचा निर्णय आहे, आपण कोण?" बाबा म्हणाले, "शब्द दिलाय ना? मग पाळायचा. छोटीच्या वेळी आपण नाही का..."

मी म्हटलं, "बाबा, आईने छोटीला बोलवायला सांगितलं होतं."

त्यांचा हात ताटातच राहिला. "तू म्हणाली होतीस तिनेच नको म्हटलं."

"हो. मी खोटं बोलले."

ते उठले, हात धुतला, गॅलरीत जाऊन उभे राहिले. अर्धा तास तरी. मला वाटलं आता माझं तोंड बघणार नाहीत. आत आले ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या पोरीला सांग. आजच सांग."

मी आधी तिच्या आईला फोन केला. म्हटलं, "तुम्ही सांगा. संध्याकाळपर्यंत तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगेन." ती चिडली. तुम्हाला काय अधिकार, म्हणाली. बरोबरच होतं तिचं. मी म्हटलं, "अधिकार नाही. पण मी एकदा हे केलं आहे, आणि ते कधीच निस्तरलं नाही." तिने फोन ठेवला. सहा वाजेपर्यंत वाट बघितली. नाही आला.

मग मी हळूबाईला शिवणाच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं. सगळं, न गाळता. तिने विचारलं, "कधीपासून?"

"गेल्या आठवड्यापासून."

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

ती उभी राहिली. आणि ज्या मुलीने मांजराला कधी अरे-तुरे केलं नाही ती मला म्हणाली, "तू खोटं बोललीस. काकू, तू."

दार धाडकन लावून गेली. पहिल्यांदाच.

आज सकाळच्या विमानाने ती गेली. तिकिटासाठी भावोजी रात्रीपासून शाळेच्या बाईंना आणि विमान कंपनीला फोन लावत होते. विमानतळावर तिने तुझ्या भाचीला मिठी मारली, बाबांसमोर वाकली. माझ्याशी बोलली नाही. परतताना बाबा जिन्यात दोनदा थांबले. माझ्याशी तेही अजून बोलत नाहीत. जेवायला वाढते तेव्हा "पुरे" म्हणतात, तेवढंच.

तुला आता हवं ते कर. हे पत्र फाडलंस तरी चालेल.

ताई


२६ मे

प्रिय छोटे,

आजी गेली. हळूबाई पोचल्यावर दहा दिवस होती. त्यातले चार दिवस चांगली शुद्धीत होती, नातीला ओळखलं, तू बारीक झालीस म्हणून रागावलीसुद्धा. हळूबाईने दवाखान्यात पलंगावरच तिचे केस कापले. आजीने हाताने चाचपून बघितले आणि एक चूक काढली. हे सगळं मला हळूबाईच्या आईने फोन करून सांगितलं, तासभर बोलली. तिने मला माफ केलं असं नाही म्हणाली. "मलाही तिला सांगायचं होतं, पण धीर होत नव्हता," म्हणाली. मग आम्ही दोघी आपापल्या मोडक्या इंग्रजीत रडलो.

आणि रविवारी हळूबाई परत आली! परीक्षा राहिली आहे ना. शाळेने तिच्यासाठी वेगळी तारीख दिली. दारात सामान ठेवलं आणि म्हणाली, "काकू, मी अजून रागावले आहे."

मी म्हटलं, "बरं."

"खूप दिवस रागावणार आहे."

"रागाव. जेवून घे आधी."

जेवली. दोनदा भात घेतला. मला अजूनही ‘तू’ म्हणते. बाकी सगळ्यांना, मांजरासकट, अहो-जाहो. तुझी भाची म्हणते, आई, तिला चूक सांग ना. मी नाही सांगणार. पोरगी मला तू म्हणते, असू दे.

त्या दिवशी बाबांनी खुर्ची मांडली नाही. पण हळूबाई त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि आजीचे जुने फोटो दाखवत राहिली. नंतर बाबा स्वयंपाकघरात आले आणि मला म्हणाले, "चहा कर. तिला, मला. आणि तुलाही कर." एवीतेवी मी रडतच होते, कांदा हातात होता म्हणून निभावलं.

ताई


१२ जून

छोटे,

आज सकाळी बाबांना दवाखान्यात दाखवलं. जिना चढताना त्यांना दम लागत होता, मी आधी वयावर ढकललं, पण काल ते मधल्या पायरीवर बसूनच राहिले. डॉक्टर म्हणाले हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. ऑपरेशन करावं लागेल, तोवर दाखल करून घेतलं आहे. तारीख एकोणीस, शनिवार, सकाळी आठ. डॉक्टरांना मी सरळ विचारलं, किती धोका? ते म्हणाले, या वयात दहातले नऊ जण ठीक होतात. मी तुला दहाव्याचंही लिहिते आहे, कारण त्यांनी ते म्हटलं.

आत्ता बाबा पलंगावर बसून पेपर वाचताहेत. चेहरा उतरला आहे पण जीभ शाबूत आहे. दवाखान्याच्या चहाला शिव्या देऊन झाल्या. तिसरा मजला, जिन्यावरून डावीकडे, खिडकीजवळचा पलंग. भेटायची वेळ चार ते सहा, पण हळूबाईने परिचारिकेशी अशा काही आदबीने बोलून ठेवलं आहे की आम्हाला केव्हाही सोडतात.

बाबा म्हणाले, "छोटीला कशाला कळवतेस? नव्या नोकरीत आहे." मी म्हटलं, "कळवून झालं." तुझ्या कचेरीत फोन करून निरोप ठेवला आहे आणि हे पत्र आजच्या टपालाने, जलद डाकेने टाकते आहे. निरोपात नुसती तारीख मावते.

बाबांनी तुला बोलवायला सांगितलेलं नाही. हे मी माझ्या मनाने करते आहे. ये.

ताई


१५ जून

ताई,

निरोप मिळाला, पत्रही मिळालं. तुझी सगळी पत्रं मिळाली आहेत. पहिलं मी आठ दिवस उघडलं नव्हतं. नंतरची टपालवाल्याच्या हातूनच ओढून घ्यायचे. मांजराचं कचेरीत वाचून दाखवलं.

पाच मेचं वाचून मी दोन दिवस कामावर गेले नाही. तुला फोन करून वाट्टेल ते बोलायचं ठरवलं होतं. नंबरही फिरवला आणि ठेवला. मी तुझ्यावर रागावले आहे, ताई, आणि ते समोर बसून सांगणार आहे, तेव्हा मधे बोलायचं नाही.

पण एका गोष्टीसाठी मी थांबू शकत नाही, आत्ताच लिहिते. सहा वर्षं मला वाटत होतं, आईनेच मला नको म्हटलं. शेवटी तिला माझी गरज वाटली नाही. परीक्षा देणारी, दूर राहणारी, असून नसल्यासारखी मुलगी. मी तुझ्याशी भांडले, पण रडायचे ते त्यावर. आणि तिने मला बोलावलं होतं! दोनदा विचारलं होतं! ते वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की कागद घडीवर फाटला. एवढं मोठं तू माझ्यापासून चोरलंस, आणि तूच ते परत दिलंस. तुझं काय करावं मला खरंच कळत नाही.

सतराला सकाळी अकराच्या गाडीने पोचते. स्टेशनवर कुणी येऊ नका, बाबांजवळ थांबा. आठ दिवसांची रजा आहे, आणखी लागली तर घेईन.

आणि मी येतेय हे बाबांना आजच सांगून टाक. अचानक समोर उभी राहिले तर त्यांना वाटेल, आता आपलं काही खरं नाही.

छोटी